वाळूच्या बादल्या, मार्गे दिल्ली

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण कपबशी खाली ठेवून हसा. इतका गाढवपणा मी जन्मात एकदाच केला, आणि तोही सरकारी कागदावर!

बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो होतो, बालीगंजात बिऱ्हाड होतं. त्या वेळी दिल्लीत एक सुरक्षा परिषद होती. आगी लागू नयेत, लागल्या तर विझाव्यात, ही तिची काळजी. तिच्याखाली राज्याची परिषद, राज्याखाली शहराचं कार्यालय, आणि सगळ्यांत खाली आळीआळीच्या समित्या. शहराच्या त्या कार्यालयात मी फायलींवर शेरे लिहायला होतो. माझ्या शेऱ्यांची फार दहशत होती म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो.

आळीत कळलं की हा मराठी बाबू सरकारी नोकरीत आहे. झालं! आमच्या आळीच्या समितीचे अध्यक्ष हरिपदबाबू, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी मला समितीचा सेक्रेटरीच करून टाकलं. बंगाल्यांच्या आळीत नवख्या माणसाला एवढा मान! नक्की कुठल्या कार्यालयात आहे ते मी सांगितलं नव्हतं. नुसतं ‘सेंट्रल’ म्हटलं की वजन जास्त पडतं.

पहिलंच काम आलं दुर्गापूजेच्या मांडवाचं. बांबू, कापड आणि आत धुपाचे निखारे, म्हणजे आगीला आवतणच. परिषदेचं परवानगीपत्र आणि वाळूच्या बारा बादल्या मिळाल्याशिवाय मांडवात दिवा लावायचा नाही, असा नियम. अर्ज द्यायचा शहराच्या कार्यालयात, म्हणजे माझ्याच.

मग अडचण काय, म्हणता? अहो, मी तिथे कामाला होतो म्हणूनच तर मला ठाऊक होतं, तिथे अर्ज किती दिवस कुजतात ते! हरिपदबाबूंना मी ऐटीत सांगितलं की तिथली माणसं आळशी, आपण थेट दिल्लीलाच लिहू. आणि लिहिलं की हो!

दीड महिन्याने माझ्या टेबलावर दिल्लीहून एक फाइल आली. आत अर्ज नव्हता, नुसता सारांश होता. कलकत्त्याच्या समिती क्रमांक सतराने मधल्यांना डावलून बादल्यांसाठी परस्पर दिल्लीला लिहिलं आहे, तरी अभिप्राय द्यावा. असले क्रमांक दिल्लीत बसून देत, आळीला त्याचा पत्ता नसे. मी म्हटलं, कोण हा शहाणा आम्हाला डावलणारा? अंगाचा तिळपापड झाला. लेखणी उचलली आणि लिहिलं, ‘सदर सेक्रेटरीस नियमांचे प्राथमिक ज्ञानही दिसत नाही. लेखी खुलासा मागवावा. तो समाधानकारक वाटेपर्यंत परवानगी व बादल्या रोखाव्यात.’ साहेबांनी खाली सही केली. त्या दिवशी डब्यातली भेंडीसुद्धा मला गोड लागली.

पूजा सुरू होण्याचा दिवस, षष्ठी, तीन दिवसांवर आली. मांडव उभा, मूर्ती आलेली, आणि बादल्यांचा पत्ता नाही. संध्याकाळी हरिपदबाबूंच्या व्हरांड्यात सगळे जमले असताना परिषदेचं पत्र आलं. हरिपदबाबूंनी चष्मा लावून खणखणीत आवाजात वाचलं. सेक्रेटरीस प्राथमिक ज्ञानही नाही! सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी भडकलो. म्हटलं, हे लिहिणारा कुणी खुर्ची उबवणारा गाढव असणार, असल्या माणसाला भर रस्त्यात उभं करून जाब विचारला पाहिजे. आळी खूश झाली. आणि मग हरिपदबाबूंनी ते पत्र माझ्या हातात दिलं. वर आमच्याच कार्यालयाचं नाव आणि ‘समिती क्रमांक सतरा’ होतं, कोपऱ्यातला जावक क्रमांक माझ्याच अक्षरात होता; आळीचा पत्ता तेवढा दिल्लीने घातला होता.

उद्या सुट्टी असेल, साहेब दौऱ्यावर असतील, माझं पोट दुखतंय, सगळं सांगून पाहिलं. पण कलकत्त्यात एकदा शिष्टमंडळ ठरलं की ठरलं. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं निघाली, आणि पुढे सेक्रेटरी म्हणून मी.

आम्ही आत शिरलो तसा शिपाई उठला, मला नमस्कार केला आणि सवयीने माझी खुर्ची पुसली. हरिपदबाबूंनी त्याला विचारलं की इथे शेरे कोण लिहितं. त्याने अदबीने माझ्याकडे बोट दाखवलं.

हरिपदबाबू शांतपणे समोरच्या खुर्चीवर बसले.

“देशपांडेबाबू,” ते म्हणाले, “घ्या सेक्रेटरीचा खुलासा. आम्ही थांबतो.”

काय करणार? टेबलाच्या अलीकडे उभं राहून खुलासा लिहिला, पलीकडे जाऊन बसलो, वाचला आणि ‘समाधानकारक’ असा शेरा मारला. हरिपदबाबूंनी कागद ओढून घेतला, हेडमास्तरी नजरेने तपासला आणि परत दिला. “समाधानकारक नाही. पुन्हा लिहा.” तीनदा लिहायला लावला हो! तिसऱ्यात ‘गाढव’ हा शब्द आला तेव्हा कुठे पास झालो.

बादल्या मात्र त्याच संध्याकाळी मांडवात आल्या. सप्तमीपर्यंत अख्ख्या आळीत बभ्रा झाला होता, तेव्हा घरी आमच्या हिलाही सांगणं भाग पडलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्हाला काही कळत नाही, एवढं कळायला कागद दिल्लीपर्यंत कशाला पाठवलात?” ती म्हणाली. “मला विचारलं असतं, तर घरच्या घरी शेरा मारून दिला असता.”