नेदा दुपारी झोपते कशी?

रंगेल मांस घेऊन घरी आला की आधी स्वतःच्या काट्यावर तोलून बघायचा. वजन कमी भरलं तर दुकानदार चोर. बरोबर भरलं तर काटा बिघडलाय. असा हा माणूस. नदीकाठच्या लोम गावात बसची तिकिटं तपासायची नोकरी, तीही आज-कालची नव्हे, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय हाडीमाशी भिनलेली. समोरच्याचा हात खिशात गेला की याचे कान उभे. लग्नात पाद्रीबुवांकडे अंगठ्या दिल्या, तर परत येताना त्याच आल्या ना हे यानं उजेडात धरून पाहिलं, असं त्याची बायको स्तेफ्का सांगते. खोटं कशाला सांगेल बिचारी?

स्तेफ्का इटलीत. आमच्या गावातल्या निम्म्या बायका तिकडं कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला न्हाऊमाखू घालताहेत, तशीच तीही. मागे राहिले रंगेल आणि त्याची मुलगी नेदा. मुलगी एवढीशी, नाक मात्र बापाचं. आई गेल्यापासून तिला एक खोड लागली होती. झोपताना बापाचा कान मुठीत धरायचा आणि तो लाल होईतो ओढत राहायचं. कान सुटला की डोळे टक्क उघडे. रंगेलचा डावा कान उजव्यापेक्षा लांब झालाय, असं डेपोतले लोक त्याला चिडवायचे.

डोंगरातल्या गावी स्तेफ्काची आई टपून बसली होती. "पुरुषमाणसाला पोर सांभाळता येतं का कधी? आणून सोड माझ्याकडे," हे तिचं दर रविवारचं भजन. शेवटी स्तेफ्कानंच फोनवर तोडगा काढला. सप्टेंबरात नेदाला बालवाडीत घालायचं. ऑक्टोबरअखेरच्या सेंट दिमितारच्या सणापर्यंत रुळली तर ठीक, नाहीतर आजीकडे रवानगी. रंगेलनं कबूल केलं खरं, पण नाइलाजानं. नेदा गेली तर त्या घरात उरणार कोण? तो आणि त्याचा तो काटा.

पहिल्या दिवशी त्यानं बाईंसाठी ग्लॅडिओलसची फुलं घेतली. शेजारणीनं उंबऱ्यापुढे तांब्याभर पाणी ओतलं, सगळं पाण्यासारखं सरळ जावं म्हणून. नेदानं त्यात मुद्दाम पाय आपटून नवे बूट भिजवले. बालवाडीत मसूरच्या सुपाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास. वर्गाच्या बाई कोलेवा, उंच, जाड चष्मा, घोगरा आवाज, आणि आईबापांसमोर हसायची अजिबात हौस नाही. फुलं घेतली, म्हणाल्या, "आता तुम्ही निघा."

रंगेलला ते खटकलं. एवढी घाई कशाची? बाई गोड हसल्या असत्या तर तेही त्याला खटकलंच असतं म्हणा.

पहिला आठवडा नुसता आकांत. नेदा त्याच्या विजारीला घोरपडीसारखी चिकटायची आणि पेना मावशी तिला सोडवून आत न्यायच्या. पेना मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस, गोल, धापा टाकणाऱ्या, मुलांना जेवू घालणाऱ्या, नाक पुसणाऱ्या, जेवणानंतर सगळ्यांच्या झोपायच्या खाटा मांडणाऱ्या. "जा रे बाबा, तूच जास्त रडतोयस," असं त्या त्याला म्हणायच्या. आणि मग एका दुपारी तो नेदाला आणायला गेला तेव्हा कोलेवा बाई दारात म्हणाल्या, "आज झोपली. छान झोपली."

"कोण?"

"नेदा. दुसरं कोण?"

दुसऱ्या दिवशीही झोपली. तिसऱ्या दिवशीही. रंगेलच्या मनात पाल चुकचुकली. जिला बापाच्या कानाशिवाय डोळा मिटता येत नाही, ती वीस पोरांच्या गोंगाटात, परक्या खाटेवर, छान झोपते? कशी?

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. दुपारी झोपणाऱ्या मुलांबद्दल आमच्याकडे एक वावडी पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. पोरं झोपत नाहीत म्हणून बालवाडीतल्या बाया त्यांच्या चहात औषधाचे थेंब टाकतात, अशी. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, पण प्रत्येकाच्या आतेबहिणीच्या गावात ते घडलेलं असतं. रंगेलनं ही वावडी लहानपणापासून ऐकली होती, आणि आता ती त्याच्या डोक्यात तंबू ठोकून बसली.

त्या संध्याकाळी त्यानं नेदाचा स्वेटर काढला आणि हुंगला. व्हॅलेरियन. तो उग्र वास आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. ज्या घरात म्हातारं माणूस त्या घरात ती बाटली, छातीत धडधडलं किंवा झोप येईना की साखरेवर थेंब. रंगेलनं बाही पुन्हा हुंगली. गळा हुंगला. वास गळ्यापाशी जास्त होता.

त्यानं नेदाला मांडीवर घेतलं. आवाज जमेल तितका मऊ केला, म्हणजे तिकीट नसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलताना करायचा तेवढा.

"नेदे, बाळा, झोपायच्या आधी बाई काय देतात गं तुला?"

"चहा."

"कसला?"

"गरम."

"आणि मग?"

"मग झोप."

"अशीच? कान नाही, काही नाही?"

नेदानं त्याच्या शर्टाचं बटण फिरवलं. "ते गुपित आहे."

"कुणाचं गुपित?"

"माझं आणि बाईंचं. तुला सांगायचं नाही."

"का नाही सांगायचं?"

नेदानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पुढं चॉकलेट झालं, दटावणी झाली, पोरगी ढिम्म. पहिल्यांदाच तिनं त्याच्यापासून काही लपवलं होतं, आणि तेही त्या चष्मेवालीसाठी. रंगेलला राग आला, आणि रागाच्या तळाशी चक्क मत्सर होता. त्यानं तो राग म्हणूनच ठेवला. ते सोपं पडतं.

आता शहाणा माणूस काय करेल? सरळ बाईंना विचारेल. हा झिव्काकडे गेला. झिव्का म्हणजे त्याच वर्गातल्या एका मुलाची आई, डेपोसमोर कॉफीची टपरी चालवते. तिच्या कानात घातलेली गोष्ट दुपारपर्यंत नदीपलीकडे रुमानियात पोचते.

"मला वाटलंच होतं," झिव्का कप आपटत म्हणाली. "आमचा बोयान शुक्रवारी घरी आला तो नुसता पेंगत."

"वास येतो का त्याला?"

"वास तर कसला कसला येतो. पण आता तू म्हणतोस म्हणजे येतच असणार."

बघता बघता आठ-दहा आया टपरीवर जमल्या. मुख्याध्यापिकेकडे जायचं ठरलं, आणि पुढे कुणी व्हायचं? रंगेलनं. तिथं जाऊन तो बोलला, आणि हातचं राखून बोलला नाही. मुख्याध्यापिका घाबरट बाई. त्यांनी लगेच दुसऱ्या संध्याकाळी पालकांची सभा लावली. "तथ्य निघालं तर कोलेवा बाई इथं राहणार नाहीत," असंही म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर रंगेलला एकदम आठवलं, बाई गेल्या आणि बालवाडी बुडाली म्हणजे नेदा आजीकडे. आपल्याच हातानं आपण काय करून बसलो हे त्याला कळलं, पण आता मागं फिरायची सोय नव्हती. लेकीच्या पोटात औषध जाऊ द्यायचं आणि गप्प बसायचं, हेही त्याच्यानं होणार नव्हतं.

सभेच्या दिवशी दुपारी मात्र त्यानं ठरवलं, पुरावा आपण स्वतः पकडायचा. फुकट प्रवाशाला पकडतात तसा, रंगेहाथ. डेपोतून सुट्टी काढून तो बालवाडीच्या मागच्या कुंपणावरून आत उतरला. विजार खिळ्याला अडकून फाटली. खिडकी उंच होती, म्हणून त्यानं बटाट्याचं रिकामं खोकं ओढलं, वर चढला आणि नाक काचेला लावलं.

"या, या. जेवायला वाढू का?"

मागे पेना मावशी उभ्या, कमरेवर हात. रंगेल खोक्यावरून उतरला तो थेट त्यांच्या अंगाजवळ, आणि त्याच्या नाकात तोच वास घुसला. मावशींच्या एप्रनच्या खिशातून बाटलीचं तपकिरी तोंड डोकावत होतं. त्यानं झडप घालून ती उपसली.

"सापडलं. हेच देता ना माझ्या पोरीला?"

पेना मावशींनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्या फाटक्या विजारीकडे. "अरे माझ्या औषधावर उठलास होय? डॉक्टरांनी दिवसातून तीनदा सांगितलंय. वीस पोरं उचलून बघ एकदा, तुझ्याही छातीत धडधडेल. अर्धी बाटली एप्रनवर सांडते, हात थरथरतात माझे. तुझी लेक रोज सकाळी माझ्या गळ्याला लोंबकळते, मग काय गुलाबाचा वास येणार तिला?"

"मग ती झोपते कशी?"

पेना मावशींच्या चेहऱ्यावरची थट्टा विरली. त्यांनी बाटली परत घेतली, खिशात ठेवली. "नको बघूस," त्या म्हणाल्या.

हे असलं वाक्य रंगेलला सांगायचं असतं का? तो मागच्या दारानं आत गेला.

पडदे ओढलेले होते. खाटांच्या दोन रांगा, पायजम्यातली पोरं वेडीवाकडी पसरलेली. टोकाच्या खाटेशी कोलेवा बाई जमिनीवर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी, चष्मा काढून ठेवलेला, डोकं उशीला टेकवलेलं. त्यांचा कान नेदाच्या मुठीत होता. नेदाचे डोळे अर्धे मिटलेले.

"आई," ती म्हणाली.

"हं," कोलेवा बाई म्हणाल्या.

"आई, आहेस?"

"आहे."

मूठ सैल झाली. रंगेल दारात तसाच उभा राहिला. कुणी थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तेवढ्यात बाईंनी मान वळवली, त्याला पाहिलं आणि हळूच उठून त्याला बाहेर व्हरांड्यात आणलं.

"पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी सांगितलं, मी आई नाही, बाई आहे," त्या कुजबुजल्या. "दुसऱ्या दिवशीही सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे मला, फक्त झोपेपर्यंत म्हणू दे. मग मी नाही अडवलं. चुकलं असेल माझं."

"मला का नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली मला. बाबांना सांगू नका, बाबांना वाईट वाटेल, म्हणाली." बाईंनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "आजच्या सभेचं मला कळलंय. तिथं मी हे बोलणार नाही. पोरीला शब्द दिलाय. आणि झिव्काच्या टपरीवर चघळायला तिची ही गोष्ट देणार नाही मी."

"पण तुमची नोकरी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी नेदाला शेजारणीकडे ठेवून रंगेल सभेला गेला. पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे आईबाप गुडघे कानाशी घेऊन बसले होते. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "कोलेवा बाई, मुलं झोपतात कशी?"

"थोपटते मी त्यांना," बाई म्हणाल्या.

"थोपटून?" झिव्का फिसकन हसली. "आमचा बोयान घरी पाळण्यात घातला तरी झोपत नाही. आणि रंगेलची पोरगी? तिला तर बापाचा कान लागतो. तिला काय देता ते सांगा. रंगेल, बोल की रे."

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. रंगेलनं बाईंकडे पाहिलं, त्या खिडकीकडे बघत होत्या. गप्प बसलं तर उद्यापासून नवी बाई येईल, गुपित गुपितच राहील, आणि एका बाईच्या नावाला जन्मभर ते थेंब चिकटतील. बोललं तर झिव्काची चुलतबहीण स्तेफ्काच्याच शेजारी कामाला आहे. रात्रीच्या जेवणाआधी स्तेफ्काला कळेल की तिची लेक दुसऱ्या बाईला आई म्हणते.

तो उठायला गेला तर खुर्ची त्याच्याबरोबर उठली. कुणी हसलं. त्यानं ती सोडवली.

"थेंब-बिंब काही नाही," तो म्हणाला. "वास येतो तो पेना मावशींच्या औषधाचा. मी स्वतः बघून आलो. मूर्ख मी."

"मग झोपते कशी?" झिव्का सोडेना.

रंगेलनं खुर्ची पायानं बाजूला सारली. "बाईंना आई म्हणते. म्हणते आणि झोपते. माझ्यापासून लपवलं होतं तिनं, मला वाईट वाटेल म्हणून." त्याचा आवाज फाटला, त्यानं तो तसाच पुढे रेटला. "तर आता ज्यांना काही विचारायचंय त्यांनी मला विचारा. बाईंना नको."

मुख्याध्यापिकेनं समोरची वही मिटली आणि बाई इथंच राहतील असं सांगून टाकलं. झिव्का पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत बसली. कोलेवा बाईंकडे बघायचा धीर न होता रंगेल दारातून निघाला तो घरापर्यंत पळत. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत स्तेफ्काला त्यानंच सांगायला हवं होतं.

तिनं फोन उचलला तेव्हा मागे त्या इटालियन म्हातारीची हाक ऐकू येत होती. रंगेलनं एका दमात सांगून टाकलं. मध्ये थांबला असता तर पुढचं निघालं नसतं. पलीकडे आधी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग तिचं रडणं, तोंडावर हात दाबून, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला परत बोलवावं असं रंगेलच्या ओठांवर आलं, पण ती का गेली हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी तिनं नाक ओढलं. "नाव काय त्या बाईंचं?"

"कोलेवा."

"चांगल्या आहेत का रे? खरं सांग."

आजवर रंगेलनं हा शब्द कुणाबद्दलच उच्चारला नव्हता. सासूबद्दल नाही, पाद्रीबुवांबद्दल नाही, मांसवाल्याबद्दल तर नाहीच.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला.

"मग म्हणू दे तिला," स्तेफ्का म्हणाली, आणि म्हातारीला औषध द्यायला गेली.