डाव्या बाजूची कणीक

नारायणगावच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऐकणं थोडं कमी झालंय. आधी बारीक आवाज जातात." सूर एकच लावला तरी बासरी वेगळी आणि पेटी वेगळी कळते, ती मुख्य सुराबरोबर वाजणाऱ्या बारीक सुरांमुळे, माणसांच्या आवाजाचंही तसंच, असं त्यांनी समजावलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि शिनोलीपर्यंत एसटीत घाबरून बसलो. तीस वर्षं गावच्या भजनात पखवाज वाजवतोय. सगळेच आवाज सारखे वाटायला लागले, तर माझं राहिलं काय?

पोचलो तेव्हा भजनाची वेळ झाली होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर दर वेळी ओली कणीक थापावी लागते. तिच्या वजनानं आवाज खाली उतरतो, घुमतो. एरवी ती मी स्वतः भिजवतो, बायकोलाही हात लावू देत नाही. त्या संध्याकाळी परातीत तयार गोळा दिसला. निम्मा तोडला आणि पळालो.

देवळात पहिली थाप मारली. आवाज पार मेलेला, पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा. गेले कान, इतक्या लवकर! खाली मान घालून वाजवत राहिलो. डोळे भरून आले होते, लपवायचं कशाला?

अभंग संपला तसे वीणा घेतलेले म्हातारबाबा माझ्याकडे वळले. "भाऊ, आज काय झालंय पखवाजाला? लई बद्द वाजतोय."

"तुमालाबी तसंच ऐकू येतंय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मलाच काय, साऱ्या देवळाला!"

एवढी गोड निंदा मी आयुष्यात ऐकली नव्हती. कणीक चाचपली, तर एका बोटानं अख्खी सुटून आली. चपात्यांसाठी तेल-मीठ घालून मळलेली ती, चामड्याला धरणार कशी? शेजारच्या घरून कोरडं पीठ आणलं, नुसत्या पाण्यात भिजवलं, थापलं. डावा हात पडला आणि घुमारा थेट छातीत शिरला. हुश्श!

घरी येऊन अंगणात चपला काढत होतो. बंद दारामागून आवाज आला, "परातीतली कणीक कुणी नेली?"

राग आवरताना तिच्या आवाजाला येते ती खरखर शब्दांच्या आधी ओळखू आली.

"परत एकदा म्हण की," मी म्हणालो.