उद्याची वही

चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण सांगण्यासारखे किस्से जेमतेम दोन. आणि निवृत्तीनंतर खडकीतल्या आमच्या हॉलमध्ये सात मुलांना एक वर्ष शिकवलं, तर भांड्यांच्या रॅकसारखी अवस्था झाली आहे. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात.

आधी हा वर्ग कसा सुरू झाला ते सांगतो. माझ्या सूनबाईंनी, शुभांगीने, ठरवलं की माझ्या नातीला, रूथला, शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं, आणि जगाचा इतिहास पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नजरेतून शिकवायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतली आणखी दोन कुटुंबं सामील झाली. इतिहासाला मास्तर कोण? घरात एक पीएच.डी. रिकामा बसला होताच.

शुभांगीचे वडील, म्हणजे आमचे व्याही रणभिसे सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं. शेवटी तह झाला : एप्रिलमध्ये सर स्वतः परीक्षा घेणार. त्यांचं समाधान झालं नाही, तर जूनपासून रूथ शाळेत. रूथ गेली की बाकीचेही जाणार, हे उघड होतं.

"बाबा, एकच वर्ष द्या," शुभांगी मला म्हणाली. मी दिलं. त्या वर्षात मला सलग झोप लागल्याचं आठवत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात भिंतीवर काळाची पट्टी लावायची ठरली. बुधवार पेठेतून तपकिरी कागदाचा गठ्ठा आणला. एका शतकाला एक हात, असं माप. सुरुवात दाराजवळ, निर्मितीपासून.

आता निर्मितीपासून अब्राहामापर्यंत किती हात सोडायचे? इतिहासाचा माणूस म्हणून कितीही सोडले तरी कमीच वाटायचे, विश्वासाचा माणूस म्हणून जास्तच. पाच सोडले. रात्री विचार करून आठ केले. मग सुरक्षित असावं म्हणून बारा.

परिणाम असा झाला, की प्रभू येशूचा जन्म स्वयंपाकघराच्या दारावर आला, मध्ययुग पॅसेजमधून फिरून परत आलं आणि शेवटची दोन शतकं घराबाहेर जिन्यात गेली. भारताचं स्वातंत्र्य बरोबर समोरच्या जोशीकाकूंच्या दारावर पडलं.

काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "स्वातंत्र्य मिळालं, आनंद आहे. आता मला बाहेर पडायला मिळालं तर बघा!"

*

योसेफाच्या तुरुंगवासाचा धडा होता. मुलांना तुरुंगाची भिंत किती उंच असते ते कळावं, म्हणून येरवड्याला न्यायचं ठरवलं. बाहेरूनच, अर्थात. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, कुठं जायचंय. आमच्यातला सर्वांत धाकटा, सहा वर्षांचा योहान, छाती काढून म्हणाला, "जेल! सात हाफ, एक फुल."

कंडक्टरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हाफ परत येतील. फुलचं काय?"

*

एकदा पास्टर वर्ग पाहायला आले. पट्टीवर अब्राहामाच्या आधी मी हडप्पाच्या विटेचं चित्र लावलं होतं. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "सर, हे शास्त्रात कुठे येतं?"

मी घाईने चहाचं विचारलं. ते गेल्यावर मी ते चित्र हळूच काढून ठेवलं. खरं सांगतो, काढलं! मंडळीत मला संशयी म्हणतात आणि जुने सहकारी भाबडा म्हणतात. दोन्हीकडे थोडं तथ्य असावं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

दुसऱ्या दिवशी वीट जागेवर होती, चांगली चारी बाजूंनी डिंक लावून. मी रूथकडे पाहिलं. अकरा वर्षांची पोर.

"आजोबा, ती हडप्पाची माणसं देवाऐवजी दुसऱ्या कुणी घडवली होती का?"

पुढच्या रविवारी मी स्वतः पास्टरांना गाठून हेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे हडप्पावर एखादं पुस्तक मागितलं.

*

इराणच्या कोरेश राजाच्या धड्याला योहानने हात वर केला. कोरेश देवाला ओळखत नव्हता, तरी यहुद्यांना बंदिवासातून घरी पाठवायला देवाने त्याला कामाला लावलं. मग अशोकालाही लावलं होतं का?

मी म्हणालो, उद्या सांगतो.

माझं हे "उद्या सांगतो" इतकं वाढलं, की रूथने एक वही केली. तिच्यावर लिहिलं, 'उद्याची वही'. नियमही तिचेच. उत्तर आलं नाही, की प्रश्न वहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रत्येकाने अर्धं पान लिहून आणायचं आणि वाचायचं. आजोबांनीसुद्धा. आणि ज्याने प्रश्न विचारला, त्यालाही सुटका नाही!

वर्षअखेर वहीत एकसष्ट प्रश्न झाले. रणभिसे सरांच्या हाती ती पडली तर काय, या भीतीने मी ती साखरेच्या डब्यामागे लपवली होती.

*

एप्रिल आला. सर पांढऱ्या शर्टात, खिशात शाळेचा प्रवेश-फॉर्म घडी करून, बरोबर दहाला हजर. फॉर्म भरलेला होता, फक्त सही बाकी.

साम्राज्यं क्रमाने सांगून झाली. नकाशा झाला. मुलं चुकली नाहीत. मग सर खुर्चीत मागे टेकले.

"सगळा इतिहास देवाच्या हातात, असं तुम्ही शिकता. मग इतकी राज्यं उभारून पाडायची कशाला? एकदाच एक नीट उभारायचं!"

रूथने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"उद्या सांगते, नाना," ती सरांना म्हणाली.

"परीक्षेत उद्या नसतो."

"आमच्याकडे असतो."

ती स्वयंपाकघरात गेली, साखरेच्या डब्यामागून वही घेऊन आली आणि नानांच्या देखत त्यांच्या नावासकट प्रश्न लिहिला. बासष्टावा. सरांनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून चाळली. मग फॉर्म खिशातच ठेवून चपला घालून गेले. शुभांगीने दार लावलं आणि बराच वेळ कडी धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दहाला मुलं आपापली अर्धी पानं घेऊन बसली. माझं रात्रभर खोडून खोडून चार ओळींवर आलं होतं. योहान वाचायला उठला, तेवढ्यात बेल वाजली.

दारात रणभिसे सर.

"नाना, बसा," रूथ म्हणाली. "पण प्रश्न तुमचा होता. तुमचं अर्धं पान कुठंय?"

सर खुर्चीत बसले. शर्टाचे खिसे चाचपले. मग घडी केलेला फॉर्म बाहेर काढला, उलटा करून गुडघ्यावर सारखा केला आणि पेनाचं टोपण उघडलं.