छत्तिसाव्यानंतरचे फोटो

फोटोमामा बुद्धाच्या मूर्तीसमोर गेले, की आधी तिथं कोणी वाचत बसलंय का ते बघायचे. धुळ्याचे हे मामा, म्हणजे आईचे मावसभाऊ, लेणी आणि विहारांचे फोटो काढत गावोगाव फिरायचे. अजिंठ्याला सगळे चित्रांपुढे खोळंबलेले असताना मामा पायरीवर पेपर वाचणाऱ्या पहारेकऱ्याभोवती घिरट्या घालायचे. म्हणायचे, "बुद्ध कुठं जात नाही. हा पान उलटेल!"

पंचाईत एकच. आपल्याकडे कॅमेरा दिसला की माणूस पुस्तक मिटतो, भांग पाडतो आणि सावधान उभा राहतो. पहूरच्या स्टँडवर एका कंडक्टरने पेपराची घडी करून खिशात घातली, गळ्याचं बटण लावलं आणि म्हणाला, "हां, आता काढा."

मला ते सोबत न्यायचे याद्यांसाठी. कितव्या फोटोत काय, हे मी वहीत लिहायची. "चिटणीसबाई, लिहा!" हा त्यांचा हुकूम.

नव्वदच्या आसपास देवपुरातल्या एका विहारात त्यांना हवा तो फोटो सापडला. प्रौढ वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली एक आजी मूर्तीपाशी बसून, ओळीवर बोट ठेवून अक्षरं लावत होती. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती! मामा हरखले. खांबाआडून, खिडकीतून, शेवटी पोटावर सरपटत फोटो काढत सुटले. छत्तीस झाले. सदतीस, अडतीस. "आज रोल प्रसन्न आहे!" एक्केचाळीसला मी वही मिटली.

"मामा, रोल छत्तीसचाच आहे."

त्यांनी कॅमेरा उघडला. रोल चक्रीला अडकलाच नव्हता, जागचा हललाही नव्हता. एकही फोटो नाही. मामा एवढ्यांदा हसले की आजीने मान वर केली.

रोल पुन्हा बसवून त्यांनी हात जोडले. "अक्का, अजून एकदा वाचा ना."

"मनं बठ्ठं वाची व्हयनं," आजीने वाचून झालेलं पुस्तक पुढे केलं. "आते तू वाच. लोकेसना फोटो काढस, तू काय वाचस?"

मामांनी मुकाट्याने कॅमेरा माझ्याकडे दिला आणि मोठ्याने वाचू लागले. घाईत एक ओळ गाळली. आजीने पानावर बोट आपटलं, "हाई ओळ कोन वाचीन?" तेवढ्यात मी बटण दाबलं.

मामा गेले तेव्हा त्यांचा फोटो शोधताना आम्ही सगळी खोकी उपसली. शेकडो माणसं वाचत होती. मामा मात्र त्या एकाच फोटोत होते, आजीच्या बोटामागे धावताना. तोच मोठा करून लावला. हार घालताना मी फुलं जरा बाजूला सारली. पुस्तक दिसायला हवं होतं.