बाल्कनीतला आळू

दुबईत अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बायकोची एकच कुंडी होती, आळवाची. उन्हाळा लागला की ती कुंडी आत एसीत यायची आणि माझी खुर्ची बाहेर जायची. आमच्याकडे एसी आळवासाठी लावतात, असं मी पाहुण्यांना सांगायचो. बायको हसायची नाही.

२००८ची मंदी दुबईत जरा उशिरा पोचली, पण आली ती मुक्कामालाच. आमच्या कंपनीने ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि मला कॅरिबियनमधल्या एका बेटावर हॉटेलचं काम देऊ केलं. "इथलं काम खलास. तिकडे जा, नाहीतर घरी," साहेब म्हणाले. मुलगी पुण्यात कॉलेजात होती. तुम्ही जा, मी पुण्याला जाते, असं बायकोने सांगून टाकलं. मग म्हणाली, कुंडीचं कोण बघणार? मला त्या कुंडीचा हेवा वाटला. या वयात परक्या देशात एकट्यापुरता डाळभात शिजवायची माझी तयारी नव्हती. निदान बेट बघून तर येऊ, एवढ्यावर ती कशीबशी तयार झाली.

बेटावर तिला काहीच आवडेना. समुद्र बघून म्हणाली, हा काय दुबईतही आहे. म्हणून मी जंगलातली पायवाट ठरवली. वाट दाखवायला तिथलीच एक उंच, सावकाश चालणारी बाई होती. मॉलमधून घेतलेले माझे पांढरेशुभ्र बूट पहिल्याच वळणावर चिखलात गेले. डोक्यावर नेच्यांची झाडं, खोडांवर शेवाळ, पाऊस नसतानाही पानांवरून पाणी ठिबकत होतं. वाळवंटात राहून नाक ओल्या मातीला विसरलं होतं. मी नुसता श्वास घेत चालत होतो. बायको मागे, ओढणी कमरेला बांधून, चेहऱ्यावर काहीच नाही. मी मनातल्या मनात तिला पुण्याच्या विमानात बसवून टाकलं.

ओढ्यापाशी ती थबकली आणि मला ओलांडून भराभर खाली उतरली. काठाने आळूच आळू माजला होता, परातीएवढी पानं, काळपट देठ. वडीचा आहे, असं स्वतःशीच म्हणत तिने ओढणीची झोळी केली आणि पानं खुडायला लागली. घरी हाताशी चिंच असल्याशिवाय पान न चिरणारी बाई आनंदात सगळं विसरली. थोड्याच वेळात मनगटापर्यंत खाजवत बसली. वाटाडी बाई हसली, पिशवीतून लिंबू काढून तिच्या हातांवर चोळलं आणि म्हणाली, आमच्याकडे ही पानं नारळाच्या दुधात शिजवतात. मग बायकोने तिला वडीची कृती सांगितली. बेसनाला इंग्रजी शब्द सापडेना तेव्हा दुबईच्या सवयीने सरळ हिंदी सुरू केलं. त्या बाईनेही मान डोलावली.

परतताना बायको पुढे होती. चढावर थांबून, मागे न बघता ती म्हणाली, "अहो, घर तळमजल्याचं मागा."

मला फार आनंद झाला. डोळे भरून आले, म्हणून बुटात पाणी गेल्याचं निमित्त करून खाली वाकलो.

अल बर्शाला परतल्यावर तिने कुंडी शेजारच्या वहिनींना दिली. तुम्ही परत येईपर्यंत सांभाळते, असं वहिनी म्हणाल्या.

"ती आता तुमचीच," बायको म्हणाली. "फक्त उन्हाळ्यात एसीत घ्या. भाऊजींची खुर्ची बाहेर गेली तरी चालेल."