स्टॉपवॉचसमोरचा वेग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात एका अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात लागलो. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या तिथे तयार होत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. साहेबांनी काहीही विचारलं की मला परीक्षेत प्रश्न आल्यासारखं वाटे आणि हात आपोआप पुरवणी मागायला वर जाई.

थायलंडचं, मग कोरियाचं चलन कोसळल्याचं मी कँटीनमधल्या पेपरात वाचलं आणि पान उलटलं. आपला काय संबंध? थोड्याच महिन्यांत संबंध कळला. आमच्या नळ्यांची किंमत डॉलरमध्ये होती. तिकडच्या हॉस्पिटलांना त्या परवडेनात, मागणी थांबली. अमेरिकेत कंपनीचा शेअर घसरला आणि तिथून साहेबांना फोन आला की खर्च आवरा.

साहेब मला म्हणाले, "एक नळी जोडायला किती वेळ लागतो, तेवढं मोजून दे. एक पान पुरे."

नळ्या जोडायच्या टेबलाशी बारा बायका बसत. माझ्या हातात स्टॉपवॉच बघून सगळ्यांचे चेहरे बदलले. एकीचा तेवढा नाही. ती पन्नाशीची, मुलं मोठी झाल्यावर कंत्राटावर आलेली. मायक्रोस्कोपखाली नळीला गोंद कसा लावतात, हे मला तिनंच शिकवलं होतं.

"ये, बस इथं. घाबरतोस काय? मोजणार मला आहेस ना?"

शेजारीण करवादली, "अगं, हळू! तू अशी पळालीस तर आमचे हाल होतील."

"पोराची पहिली नोकरी आहे. त्याचे आकडे ग्रँड यायला नकोत?"

तासभर तिनं मान वर केली नाही. रोज ती अशी काम करत नसे. ती माझ्यासाठी पळत होती, हे मला दिसत होतं. तरी मी तोच वेग लिहिला. वर एकाऐवजी पाच पानं दिली. या वेगानं बाराजणींचं काम आठजणी करतील, हा कुणीच न मागितलेला तक्ताही जोडला. साहेबांनी पाठ थोपटली.

चौघी गेल्या. कंत्राटी आधी, म्हणून तीही.

नावं मी लिहिली नव्हती, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. चलन कोसळलं त्यात माझा काय दोष, असंही. पण आठ हा आकडा ना बँकॉकहून आला होता, ना अमेरिकेहून. तो माझ्या अक्षरात होता.

शेवटच्या दिवशी ती कोट घालून माझ्या टेबलाशी आली.

"दुसऱ्या कारखान्यात विचारून बघते. दोन ओळी लिहून देशील? तू मला मोजलंयस, तुझं ऐकतील. माझा वेग लिही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लिहितो."

ती समोर उभी होती. मी तिचा रोजचा, खरा वेग आठवू लागलो. तो मी कधी मोजलाच नव्हता.