लागलं म्हणाली तेव्हा

आमच्या खव्याच्या धंद्यात दूध कढईच्या बुडाला धरलं की 'लागलं' म्हणतात. हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारलाय तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल.

भूमजवळच्या आमच्या गावात ही भट्टी वडिलांपासूनची. चिमूटभर खवा अंगठा आणि बोटात चोळायचा, नाकाशी न्यायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि खोट काढायची, एवढं मला दहाव्या वर्षी येत होतं. लागलेला, धुरकट, पाणचट, आंबूस, चिकट. वाईट खव्याला आमच्याकडं पुष्कळ नावं आहेत. चांगल्याला एकही नाही, तो नुसता डब्यात भरतात. कुणी काही बोललं नाही म्हणजे बरा झाला, असं आपलं आपण समजायचं.

भट्टीवरचं हे नाक माझ्याबरोबर घरीही यायचं. भाजीतलं मीठ, शेजाऱ्याच्या भिंतीचा बाक, लग्नपत्रिकेतली काना-मात्रेची चूक, मला तेच आधी दिसायचं. स्वतःलाही मी सोडत नसे. मोटारसायकल लावून चार पावलं गेलो की परत यायचो, वाकडी लागली म्हणून. बायको म्हणायची, तुमच्याबरोबर तुळजापूरला यायचं म्हटलं तर भ्या वाटतं, देवीच्या मळवटातबी काहीतरी काढाल. मला ते कौतुक वाटायचं.

मुलगी बीएस्सी होऊन घरी आली आणि म्हणाली, भट्टी मी चालवते. माझा खांदा तोवर कामातून गेला होता, कढई घोटवत नव्हती. ती असं म्हणाली तेव्हा मी गोठ्यात जाऊन डोळे पुसून आलो, पण तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पहिला खवा उतरवून माझ्यापुढं धरला. मी चोळला, हुंगला आणि म्हणालो, "लागलाय."

चार महिने हेच चाललं. आच जास्त, हात हळू, लाकूड ओलं. आधी ती वाद घालायची, मग हसण्यावारी न्यायची, मग नुसतं ऐकायची. शेवटी तिनं खवा माझ्यापुढं आणायचंच बंद केलं. एक दिवस बायकोनं सांगितलं की पोरीला सोलापूरच्या एका डेअरीत, दूध तपासायच्या कामावर नोकरी मिळालीय आणि दोन आठवड्यांनी सोमवारी हजर व्हायचंय.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. ती जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि तोंड उघडलं की नेमकं तिला घालवणारंच बाहेर पडायचं. उठून एसटी स्टँडवर जायचो, चहा सांगायचो, चहा कसा पाणी झालाय हे चहावाल्याला ऐकवायचो आणि तसाच माघारी यायचो.

त्याच आठवड्यात, सकाळच्या दुधाच्या वेळी ती आत भट्टीवर होती आणि मी अंगणात घिरट्या घालत होतो. आतून तिचा आवाज आला, "अप्पा, लागलं."

मी धावत गेलो तो थेट कढईकडं. उलथनं बुडाशी फिरवलं, वास घेतला. आच कमी ठेव म्हणून किती वेळा सांगायचं, असं माझं सुरूही झालं होतं. दूध तर चांगलं होतं, बुडाला काहीसुद्धा धरलं नव्हतं. मग मी मागं वळलो. रचलेल्या लाकडांतला ओंडका घसरून तिच्या हातावर पडला होता. दोन बोटं दुसऱ्या मुठीत आवळून ती भिंतीला टेकली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

भूमला दवाखान्यात नेलं. डॉक्टर टाके घालत होते आणि मी शेजारी उभा राहून एकच घोकत होतो, माझंच चुकलं, मी आधी कढई बघितली, मी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. थांबताच येईना. डॉक्टरसुद्धा वैतागले असावेत.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं ते नंतर काढा. आता जरा माझ्याकडं बघा की. लई दुखतंय."

मी बघितलं. तिची हनुवटी थरथरत होती. मनगटावर कढईच्या कडेचे चटके होते, काही जुने, काही ताजे. चार महिने मी तिच्या हाताच्या चुका मोजत होतो आणि हे चटके मला दिसले नव्हते. आतासुद्धा मी स्वतःला शिव्या घालण्यात इतका गुंतलो होतो की पोरगी त्यात कुठंच नव्हती. मला लाज वाटली. मग मी गप्प राहून तिचा दुसरा हात धरला.

पुढचे दिवस भट्टीवर बायको उभी राहिली आणि मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. हे फार अवघड काम आहे. शब्द दातांपर्यंत यायचे आणि मी जबडा आवळून अंगणात फेऱ्या मारायचो. दाढ दुखतीय का, असं बायकोनं दोनदा विचारलं.

टाके निघाले. सोमवार उद्यावर आला. रविवारी तिची आई नको म्हणत असताना पोरगी भट्टीवर उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी तिनं खवा माझ्यापुढं आणून धरला. मी चोळला. बोटांना तूप सुटलं. वास घेतला, जिभेवर ठेवला. सवयीनं शोधत राहिलो. कडेला किंचित तांबूस झाला होता, ते मला दिसलंच. दिसायचं काही थांबणार नाही. पण बाकीचा खवा इतका मऊ आणि गोड उतरला होता की मलाही तसा क्वचितच जमला असेल. ती वाट बघत उभी होती.

"चांगला झालाय," मी म्हणालो. "लई चांगला."

तिनं परात खाली ठेवली. "आन् मी?"

माझ्या वडिलांना हे विचारायची माझी कधी छाती झाली नव्हती.

"तू माझ्याहून चांगली हायेस," मी म्हणालो. "पयल्या दिवसापास्नं. म्या बोललो न्हाय."

ती पाठमोरी होऊन कढई खरडायला लागली. मग म्हणाली, दूधवाल्याला फोन करा, उद्यापासून दहा लिटर जास्तीचं घाला म्हणावं.

सोलापूरच्या लोकांना निदान आधी कळवायला नको का, ही काय रीत झाली, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी खव्याचा मोठा घास तोंडात कोंबला आणि फोन घेऊन अंगणात गेलो.